तुम्ही विचारलंत म्हणून: नाव घातलेले ग्लास

आमच्याकडे पहिल्यांदा जेवायला आलेला माणूस ग्लास हातात घेतो, फिरवून बघतो, काचेवर देवनागरीत कोरलेलं स्वतःचं नाव वाचतो आणि विचारतो, ‘हे कुठे करून मिळतं?’ त्याच्या मागोमाग दुसरा प्रश्न ठरलेला: ‘पुण्यात पावलोपावली ब्रुअरी असताना तुम्ही बिअर घरी आणून का पिता?’ दोन्हींचं उत्तर एकच आहे आणि ते तोंडी देताना नेहमी अर्धवट राहतं. म्हणून आज सगळं लिहून काढते.

सुरुवात आईच्या भांड्यांपासून करावी लागेल. भांड्यांच्या दुकानात स्टीलचा डबा घेतला की दुकानदार विचारायचा, ‘नाव काय घालू?’ मग ते छोटं विजेचं यंत्र टर्रर्र करत चालायचं आणि डब्याच्या पोटावर थरथरत्या रेघेत अक्षरं उमटायची. आईच्या एका परातीवर ‘सौ. ताईस, मामांकडून सप्रेम भेट’ असं आहे, खाली लग्नाची तारीख. नाव घालण्यामागे व्यवहार होता. वाड्यात कार्य निघालं की भांडी घरोघरी फिरायची, परत येताना ज्याचं त्याला मिळायला हवं. पण मला लहानपणी त्यातलं वेगळंच काही आवडायचं. आजीकडे माझ्या नावाची एक वाटी होती. सुट्टीत गेलं की आमटी त्याच वाटीत मिळायची. वर्षातून एकदाच जायचे मी, पण माझी वाटी फळीवर वर्षभर असायची.

आता बिअर. आम्ही तेव्हा वानवडीत राहत होतो. २००९ साली तिथून जवळच, कोरिंथियन्स क्लबात डूलाली सुरू झाली. जागेवरच थोडीथोडी बिअर बनवून तिथेच विकणाऱ्या, म्हणजे मायक्रोब्रुअरी म्हणतात तशा, भारतातल्या अगदी पहिल्या जागांपैकी ही एक, आणि ती पुण्यात, याचा मला आजही अभिमान वाटतो. नावसुद्धा आपल्याच मातीतलं. नाशिकजवळच्या देवळालीच्या छावणीत परतीच्या बोटीची वाट बघत इंग्रज सोल्जर महिनोन्‌महिने पडून राहायचे, त्या कंटाळ्यानं आणि उष्म्यानं डोकं फिरायचं. त्या फिरण्याला त्यांनी देवळालीचंच नाव दिलं, ‘डूलाली’.

मी तोवर हिरव्या-तपकिरी बाटलीतली बिअर एक-दोनदा चाखून सोडून दिली होती. तिथे पहिल्यांदा हेफेवाइझन प्यायले. गव्हाची, गढूळ, केशरी झाक असलेली. नाकाशी नेली तर चक्क पिकलेल्या केळ्याचा वास, मागून लवंग. मला वाटलं काहीतरी इसेन्स घातलाय. तिथल्या माणसानं समजावलं की केळं नाही, लवंगही नाही, हा सगळा यीस्टचा कारभार. या जातीचं यीस्ट जरा उबदार तापमानाला, वीस अंशांच्या आसपास आंबवतं आणि आंबवताना स्वतःच हे वास तयार करतं. लागरचं (बाटलीत मिळते ती बहुतेक हीच) यीस्ट थंडाव्यात सावकाश काम करतं, म्हणून लागर नितळ आणि साधी.

मग त्यानं हातावर माल्ट ठेवलं. मी दोन दाणे चावले आणि मला नाचणीचं सत्त्व आठवलं. आपण करतो तेच की हे! धान्य भिजवायचं, मोड आणायचे, वाळवायचं. मोड येताना दाण्यात जी पाचकद्रव्यं जागी होतात, तीच पुढे गरम पाण्यात पिठाची साखर करतात. ब्रुअरीत ते पाणी ६५ अंशांच्या आसपास राखतात, तासभर. त्या वेळी टाकीच्या जवळ उभं राहिलं तर लापशी शिजत असल्यासारखा वास येतो. उरलेला चोथा बहुतेक ठिकाणी गोठ्यात जातो, गाईगुरं आवडीनं खातात. ज्या वस्तूला मी परकी समजत होते ती अशी एकदम स्वयंपाकघरातली निघाली. तिथून माझी गोडी सुरू झाली.

पुढच्या दहा वर्षांत गाव भरून गेलं. इंडिपेंडन्स आली, एफिंगट आली. ग्रेट स्टेट एल वर्क्सनं मीठ घालून कोकमाची एल (उबदार तापमानाला आंबवलेली बिअर) केली. ती प्यायल्यावर मला फार बरं वाटलं, कारण आपल्याकडचं फळ नुसतं नावाला न वापरता त्याच्या आंबटपणावर कुणीतरी पूर्ण पेय उभं केलं होतं. मूनशाइनवाल्यांनी मीड, म्हणजे मध आंबवून केलेलं पेय, बाटलीत आणली. ताजी बिअर जिथे बनते तिथून जितकी जवळ प्यावी तितकी चांगली, हे मला पटलेलं आहे. हॉप्सचा, म्हणजे बिअरला कडवटपणा आणि सुगंध देणाऱ्या फुलांचा, वास आठवड्यागणिक उतरतो, गव्हाच्या बिअरीचं केळंही तसंच. परदेशातून महिनाभर उन्हातान्हात फिरून आलेल्या महागड्या बाटलीपेक्षा मुंढव्यात परवा तयार झालेली बिअर मला केव्हाही चालेल.

पण त्या जागांमध्ये एक अडचण होती आणि ती वाढतच गेली. आवाज. शनिवारी रात्री समोरच्याचं बोलणं ऐकू येत नाही. माझ्या वडिलांना तिथे नेता येत नाही, ते पीत नाहीत आणि त्यांना गोंगाटही सोसत नाही. शेजारच्या काकू एकदा आल्या, पुन्हा नको म्हणाल्या. बिअर माझ्या लाडक्या माणसांना चाखवायची होती आणि तीच माणसं तिथे यायला तयार नव्हती. मग २०२० च्या टाळेबंदीत राज्यात ताजी बिअर ग्राउलरमध्ये भरून न्यायची परवानगी मिळाली. गडद काचेची लिटरभर बाटली, वर घट्ट झाकण. पिशवीत बर्फ टाकून ती घरी आणली, उभीच फ्रिजमध्ये ठेवली, दुसऱ्या दिवशीच्या आत संपवली, इतकं पथ्य पाळलं की झालं. उघडून ठेवली तर सकाळपर्यंत तिच्यात जीव राहत नाही. (पिण्याचा परवाना काढून ठेवा. आपल्या राज्यात तो लागतो आणि बिअरसाठी वय २१ पूर्ण हवं. आमच्याकडे येणारे पाहुणे रिक्षानं येतात, रिक्षानं जातात, यात मी सूट देत नाही.)

घरी आणली खरी, पण ओतायची कशात? चहाच्या कपात नाही, स्टीलच्या पेल्यात तर नाहीच. तुळशीबागेतून साधे उभे ग्लास आणले, आणि मग माझ्या मनात आजीची ती वाटी आली.

पहिल्यांदा मी रंगवले. बाजारात मिळणारे काचेवरचे रंग घेतले, वेलबुट्टी काढली. दिसायला सुरेख झाले आणि तिसऱ्या धुण्याला पापुद्रे निघाले. ते रंग शोभेच्या वस्तूंसाठी असतात, ओठाला लागणाऱ्या भांड्यासाठी नाहीत, हे मला नंतर कळलं. रंगच हवा असेल तर ओव्हनमध्ये भाजून पक्का होणारा घ्या. पेबेओच्या व्हिट्रिया १६० या रंगाच्या नावातच त्याचं तापमान आहे, १६० अंश, ४० मिनिटं. ग्लास गार ओव्हनमध्ये ठेवून मग ओव्हन लावायचा आणि बंद केल्यावर आतच गार होऊ द्यायचा, नाहीतर काच तडकते. आणि रंग कुठलाही असो, फक्त बाहेरून, काठापासून दोन बोटं सोडून. यात मी तडजोड करू देणार नाही.

मला मात्र कोरायचंच होतं, भांड्यांसारखं. बोहरी आळीत जाऊन हातात धरायचं फिरतं यंत्र आणलं आणि त्याला लावायची हिऱ्याची कणी बसवलेली बारीक टोकं. पहिलाच ग्लास हातात फुटला. फुटला म्हणजे त्याचे हरभऱ्याएवढे तुकडे झाले, सगळीकडे. तो टफन्ड होता. त्या काचेत बनवतानाच ताण भरून ठेवलेला असतो, वरचा थर छेदला की सगळी एकदम जाते. तेव्हापासून तळ उलटा करून वाचते, टफन्ड किंवा टेम्पर्ड लिहिलं असेल तर तो ग्लास कोरायला घेत नाही. डोळ्यांवर चष्मा, नाकातोंडावर मास्क, आणि काच सतत ओली. काचेची धूळ कोरडी उडाली तर छातीत जाते.

नाव कसं घालते ते सांगते, कारण विचारणाऱ्यांपैकी निम्म्यांना खरं तर तेच हवं असतं. नाव कागदावर लिहायचं आणि तो कागद ग्लासच्या आतून, अक्षरं बाहेर दिसतील असा चिकटवायचा. आत तांदूळ भरायचे म्हणजे कागद काचेला घट्ट टेकतो. मग शिरोरेषा. गोल ग्लासावर सरळ रेघ हातानं येत नाही, कितीही सराव असो. पुस्तकांची चळत रचायची, वर मार्करचं पेन आडवं धरून ठेवायचं, टोक काचेला टेकवायचं आणि पेन न हलवता ग्लास फिरवायचा. रेघ आपोआप सपाट येते. त्यानंतर तांदूळ काढून, काच ओली करून यंत्र लावायचं. टोक पहिल्या क्षणी घसरतं, म्हणून आधी ठिपका, मग ठिपक्याला ठिपका जोडत काना. वळणं सोपी जातात. ‘ळ’ आणि ‘ह’ काढताना मजा येते. सगळ्यात अवघड काना, कारण सरळ उभ्या रेघेत हाताचा कंप लपत नाही. माझे कानेही त्या भांडीवाल्याच्या यंत्रासारखे थोडे थरथरतात आणि ते मी घासून सरळ करत नाही, कारण आईच्या परातीवरची रेघ तशीच आहे.

कोरलेलं अक्षर म्हणजे खरखरीत झालेली काच. तिच्यावर उजेड विखुरतो म्हणून ते पांढरं दिसतं. गव्हाच्या फिकट बिअरीवर नाव पुसट असतं, स्टाउट ओतली की काळ्यावर ठसठशीत उठतं. आणि ग्लासला बाहेरून दव आलं की नाव नाहीसं होतं! पाणी त्या खरखरीत खळग्यांमध्ये भरतं आणि काच पुन्हा गुळगुळीत असल्यासारखी पारदर्शक होते. अंगठ्यानं पुसलं, थोडं वाळलं, की अक्षर परत. पाहुणे बोलता बोलता नकळत अंगठा फिरवत बसतात, मी बघत असते.

धुण्याचं वेगळं सांगायला हवं, कारण सुंदर ग्लासात बिअर मेलेली दिसण्याचं कारण बहुधा तेलकटपणा असतो. सुरमई तळली त्या भांड्यांबरोबर, त्याच घासणीनं ग्लास घासला की फेस टिकत नाही. ग्लासांसाठी घासणी वेगळी ठेवा, खाण्याच्या सोड्यानं धुवा, भरपूर पाण्यानं खळबळा आणि फडक्यानं न पुसता जाळीवर उपडे ठेवा. शंका आली तर ओल्या ग्लासात आतून मीठ भुरभुरवा. सगळीकडे सारखं चिकटलं तर ग्लास स्वच्छ, जिथे चिकटलं नाही तिथे तेल आहे. स्वच्छ ग्लासात प्रत्येक घोटामागे फेसाचं एक कडं काचेवर मागे राहतं. ग्लास फ्रीझरमध्ये घालू नका, आतून बर्फ धरतो, फेस उफाळतो आणि जीभ बधिर झाल्यावर केळं-लवंग कुणाला कळणार?

खायला मी फार करत नाही. हेफेवाइझनबरोबर कोथिंबीर वडी, लागरबरोबर भाजणीची चकली. आयपीए, म्हणजे भरपूर हॉप्सची कडवट बिअर, असेल त्या दिवशी ठेचा टेबलावर आणत नाही, हॉप्सच्या कडवटपणानं तिखट दुप्पट चढतं.

आज फळीवर सतरा ग्लास आहेत. शेजारच्या काकूंचा आहे, त्या अर्धाच घेतात पण त्यांच्याच ग्लासातून. भाची बंगळुरूला गेली, तिचा ग्लास इथेच आहे, दिवाळीला आली की निघतो. नव्या माणसाला बोलावलं की आदल्या रात्री जेवणं झाल्यावर मी कोरायला बसते. घरी का बोलावते, याचं उत्तर हेच. ब्रुअरीत बिअर उत्तम मिळते, ती करणाऱ्यांबद्दल मला मनापासून आदर आहे, पण तिथे तुमच्या नावाची वस्तू तुमची वाट बघत नसते.

बाबांचा ग्लास मी सगळ्यात शेवटी केला. त्यांना कोकमाचा आगळ घालून सोडा देते. त्यांच्या ग्लासला बाहेर नाव आहेच, पण आत तळाशी, मधोमध, लांब दांडीच्या टोकानं मी एक ठिपका कोरला आहे, टिकलीएवढा. गुळगुळीत काचेवर बुडबुड्याला सुरुवात करायला जागा नसते, खरखरीत जागी मिळते. बिअरीच्या काही ग्लासांना कारखान्यातच तळाशी अशी खूण करतात, फेस टिकावा म्हणून. सोडा ओतला की त्या टिकलीतून बुडबुड्यांचा एक सरळ धागा वर निघतो आणि लाल सरबतातून काठापर्यंत जात राहतो. बाबा पहिला घोट लगेच घेत नाहीत. ग्लास उजेडाकडे धरून बसतात, आणि आम्ही बाकीचे त्यांच्यासाठी थांबतो.