कपाशीच्या वावरात गोल्फ

चाळीसगावात राहून मी गोल्फ खेळतो म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: कुठे? सराव वावरात, आणि खेळ पुण्याला. मेव्हण्याच्या ओळखीने येरवड्याच्या कोर्सवर, रात्रीची गाडी पकडून. हिरवळ वर्षातून मोजक्याच वेळा पायाखाली येणार, हे धरूनच मी साहित्य घेतलं. दुकानदाराचं आणि माझं वाजलं ते यावरूनच.

तो पूर्ण सेट गळ्यात मारायला बघत होता. नियमाने पिशवीत जास्तीत जास्त 14 क्लब, म्हणजे चेंडू मारायच्या काठ्या, चालतात, पण किमान किती असावेत याला काही बंधन नाही. मी सहाच घेतले, तेही वापरलेले: लांब फटक्याला एक हायब्रिड, मधल्या अंतराला 6 आणि 8 नंबरची आयर्न, जवळच्या उंच फटक्याला पिचिंग वेज, वाळूतून काढायला सँड वेज आणि चेंडू होलमध्ये ढकलायला पटर. सगळ्यात लांब फटक्याचा ड्रायव्हर नाही म्हटल्यावर त्याचा चेहरा पडला. पण ड्रायव्हरचा शाफ्ट, म्हणजे दांडा, लांबलचक, आणि लॉफ्ट, म्हणजे चेंडूला लागणाऱ्या बाजूचा (फेसचा) मागचा कल, जेमतेम दहा-अकरा अंश. फेस थोडा जरी वाकडा लागला तरी चेंडू गेलाच रानात. हायब्रिड आखूड आणि लॉफ्ट जास्त, त्यामुळे आपल्यासारख्याला सांभाळता येतं. आयर्न कॅव्हिटी बॅकची, म्हणजे मागून पोकळ केलेली, घेतली. त्यात वजन कडेकडेला वाटलेलं असतं, म्हणून मधोमध न बसलेला फटकाही बऱ्यापैकी जातो. ब्लेड, म्हणजे मागून भरीव आयर्न, दिसतात देखणी, पण ती रोज खेळणाऱ्यांनी घ्यावीत.

माझी उंची 5 फूट 4 इंच. क्लब आपल्या मापाचा आहे का, हे घरबसल्या बघायची एक सोपी युक्ती आहे. चेंडूवर मार्करने जाड रेघ ओढायची, ती उभी आणि फेसच्या बाजूला येईल असा चेंडू ठेवायचा आणि मारायचा. शाई फेसवर उमटते. रेघ सरळ उभी असली तर लाय, म्हणजे दांड्याचा जमिनीशी होणारा कोन, बरोबर. कलली तर लाय वाकवून घ्यावा लागतो. माझी हायब्रिड ठीक निघाली, आयर्न वाकवून घेतली.

खरा गुरू मात्र काळी माती. फेब्रुवारीत पऱ्हाट्या उपटल्या की वावर टणक होतं, भेगा पडतात, आणि एखादा चेंडू भेगेत गेला की त्याचा नाद सोडायचा. तिथे मी चुन्याची रेघ मारतो, चेंडू न ठेवता रेघेवर उभा राहतो आणि 8 नंबरने स्विंग घेतो. मातीवर ओरखडा उठतो. तो रेघेवर किंवा रेघेच्या पुढे सुरू झाला तर फटका चांगला, मागे सुरू झाला तर क्लब चेंडूआधी जमिनीत घुसला. गवतावर हे इतकं लख्ख दिसत नाही. पहिल्यांदा आमच्या सालदाराने बघितलं तेव्हा विचारलं, "भाऊ, चुना पेरी ऱ्हायनात का?"

याच मातीमुळे सँड वेज कमी बाउन्सची, म्हणजे तळाचा फुगवटा कमी असलेली, घेतली. जास्त बाउन्सचा तळ मऊ वाळूत छान सरकतो, पण टणक जमिनीवर आदळून उसळतो आणि कडा चेंडूच्या पोटात बसते.

उन्हाळ्यात आणखी एक पथ्य. मे महिन्यात पारा 44-45 ला टेकतो, तेव्हा पिशवी गाडीच्या डिक्कीत ठेवायची नाही. ग्रिपखालच्या टेपचा गोंद मऊ होतो आणि ग्रिप हातात फिरायला लागते. पिशवी घरात, धान्याच्या कोठीशेजारी.

पटिंग हॉलमध्येच होतं. पार 72 च्या, म्हणजे पूर्ण फेरीला 72 फटके धरलेल्या, कोर्सवर हिशोबाने 36 फटके पटरचेच धरलेले असतात, म्हणजे निम्मे. ते सतरंजीवर जमत असतील तर कोर्ससाठी कशाला अडून बसायचं? होलचा व्यास 108 मिलिमीटर. मी पाण्याचा पेला आडवा ठेवतो. त्याचं तोंड होलपेक्षा बरंच अरुंद. मग कोर्सवर होल ऐसपैस वाटतं. बायकोची कटकट फक्त एवढीच, की पाहुण्यांपुढे पोचे पडलेले पेले ठेवावे लागतात.

मागच्या फेरीत पहिल्यांदा 110 च्या आत आलो. मेव्हणा अजूनही त्याचा ड्रायव्हर देऊ करतो. मी हायब्रिडच काढतो, आणि तो झाडीत चेंडू शोधत असतो तोवर माझा दुसरा फटकाही मारून झालेला असतो.