गिरणीतली चैत्रपालवी

आजचा रविवार मुंबईत काळाचौकीकडच्या एका बंद कापड गिरणीच्या आवारात गेला. कोयते, घमेली, हातमोजे घेऊन आमची टोळी साफसफाईला हजर. गिरण्यांमधली तळी शोभेची नव्हती बरं का, वाफेच्या इंजिनासाठी थंड पाणी लागायचं म्हणून ती बांधलेली. आता तिथे जलपर्णी माजलीय आणि खंड्या मजेत आहे.

पिंपळाला तांबूस पालवी फुटलीय, दिसते सुरेख, पण भिंतीतली रोपं कोवळी असतानाच काढावी लागतात. मुळं चुन्याच्या सांध्यात शिरली की ओढताना विटाच हातात येतात. जाड झालेली नुसती छाटली.

वाद झाला तो एका सुक्या फांदीवरून. "पडेल कुणाच्या तरी डोक्यात!" म्हणणं बरोबरच होतं. पण फांदीला खालच्या बाजूने गोल भोक, आणि त्यातून तांबट पक्षी डोकं काढून बघतोय! शेवटी खालची वाट दोरी बांधून बंद केली. फांदी राहिली.

आमच्यातले एक काका १९८२ च्या संपापर्यंत साचेखात्यात, म्हणजे कापड विणायच्या मागांवर, होते. "तेव्हा पण पक्षी होते का हो?" विचारलं तर म्हणाले, "असतील की! त्या खडखडाटात ऐकू कुणाला येणार?" वडापावही त्यांनीच खिलवला.

पुढच्या रविवारी जलपर्णी उपसायचीय. गमबूट असतील त्यांनी आणा.