गच्चीवरच्या उन्हाचे वाटेकरी

घरावर सौर पॅनेल बसवण्याचा विचार करणारी मंडळी हल्ली भेटली की पहिला प्रश्न खर्चाचा विचारतात, दुसरा अनुदानाचा आणि तिसरा चांगल्या कंत्राटदाराचा. साताऱ्यात आमच्या घरी हे काम होऊन आता एक पावसाळा उलटला आहे, त्यामुळे या तिन्ही प्रश्नांची उत्तरे मला देता येतात. पण आमचा बहुतेक वेळ ज्या दोन प्रश्नांत गेला, ते मात्र कुणीच विचारत नाही. वीजबिलावर नाव कुणाचे आहे, हा त्यातला एक. आणि गच्चीवरचे ऊन आजवर कोण वापरत होते, हा दुसरा.

विषयाची सुरुवात अर्थातच नवऱ्याने केली. त्याला यंत्रांची हौस आहे. घरात ड्रिल मशीन आहे, मल्टिमीटर आहे, तारेभोवती नुसता चिमटा धरून विद्युतप्रवाह मोजणारा क्लॅम्प मीटरही आहे, आणि फ्रिज, गीझर, पाण्याची मोटर यांपैकी कोण किती वीज खाते याचा तक्ता स्वयंपाकघराच्या दाराला आतून चिकटवलेला आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने ‘प्रधानमंत्री सूर्य घर’ योजना जाहीर केली, तेव्हा देशातल्या एक कोटी घरांसाठी ७५,०२१ कोटी रुपयांची तरतूद झाल्याची बातमी त्याने मला वाचून दाखवली आणि त्या एक कोटीत आपण असलेच पाहिजे, अशा सुरात वर्तमानपत्राची घडी घातली. अनुदानाचे गणित सोपे आहे. पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ३०,००० रुपये, तिसऱ्याला १८,००० रुपये, म्हणजे तीन किलोवॅटला ७८,०००; त्याहून मोठा संच लावला तरी घरगुती ग्राहकाला तेवढेच. आपल्याकडे एक किलोवॅट दिवसाला सरासरी चार युनिटच्या आसपास वीज देतो. आमचा वापर महिन्याला तीनशे युनिटच्या अलीकडे-पलीकडे असतो आणि महावितरणच्या दरपत्रकात तीनशेच्या पुढे दराचा टप्पा बदलतो, त्यामुळे तीन किलोवॅटचा आकडा ठरायला वेळ लागला नाही.

अडले ते नावापाशी. मी महसूल खात्यात बरीच वर्षे नोकरी केली असल्याने घरातली कागदपत्रे माझ्याकडे असतात. अर्जदाराचे नाव, वीजबिलावरचे नाव आणि अनुदान जमा व्हायचे त्या बँक खात्यावरचे नाव जुळले पाहिजे, ही अट वाचताच पुढे काय येणार ते मला दिसले. आमचे वीजबिल सासऱ्यांच्या नावाने येत होते. ते जाऊन काही वर्षे झाली, पण बिल वेळेवर भरले जात असेपर्यंत त्या नावाबद्दल कुणी काही विचारले नव्हते, आणि आम्हीही तो विषय काढला नव्हता. महाराष्ट्रात अशी किती घरे असतील याचा हिशेब मला ठाऊक नाही. पण तलाठी कार्यालयाच्या दारात वारसनोंदीसाठी उभी असलेली माणसे मी नोकरीभर पाहिली आहेत. त्यांतल्या बहुतेकांना वडिलांच्या जागी स्वतःचे नाव लावायची मुळीच घाई नव्हती. कुठले तरी कर्ज, कुठला तरी विमा किंवा कुठली तरी योजना मधे आली, म्हणून ती आली होती.

सासूबाईंना मी हे सांगितले तेव्हा त्यांनी विरोध केला नाही. त्यांनी एवढेच विचारले, “मग ह्यांच्या नावाचं घरात काय येणार?” बँकेची पत्रे केव्हाच थांबली होती, विम्याचा व्यवहार पूर्ण झाला होता, गावाकडून येणाऱ्या पत्रिकांवर आता नवऱ्याचे नाव असते. दर महिन्याला सासऱ्यांच्या पूर्ण नावाने दारात येणारा तेवढा एकच कागद उरला होता. सासूबाई बिल हातात घेतल्यावर आधी नाव वाचतात आणि मग रक्कम, हे मी पाहत आले होते. त्यामागचे कारण त्या दिवशी समजले.

इथे सरकारी कामाची बाजू मांडणे मला भाग आहे, कारण या ठिकाणी सरकारला कठोर म्हणून मोकळे होणे फार सोपे असते. अनुदान सार्वजनिक पैशातून दिले जाते; ते हयात नसलेल्या माणसाच्या नावे देता येत नाही आणि देऊ लागले तर त्यातून काय काय निघेल, हे मी नोकरीत पाहिले आहे. अट योग्यच आहे. पण अर्जाच्या कुठल्याही रकान्यात सासूबाईंच्या प्रश्नाला जागा नव्हती आणि असू शकतही नाही. तो प्रश्न घरातच सोडवायचा असतो आणि त्याला अर्जापेक्षा जास्त वेळ द्यावा लागतो. आम्ही तो दिला. नवऱ्याने तेवढे दिवस पॅनेलचा विषय काढला नाही, आणि त्याचा स्वभाव पाहता हे लहान काम नव्हते.

पुढे तोड निघाली ती सासूबाईंच्याच बोलण्यातून. बिल मुलाच्या नावावर करायचे असे आम्ही दोघांनी गृहीत धरले होते. त्या म्हणाल्या, “माझ्या नावावर का होत नाही?” न होण्यासारखे त्यात काहीच नव्हते. वारसांचे संमतीपत्र लागले, त्यासाठी नणंद कोल्हापूरहून येऊन सही करून गेली. मिळकतीचा उतारा आणि घरपट्टीची पावती जोडली. आणि वयाच्या पंच्याहत्तरीनंतर सासूबाई पहिल्यांदाच वीजग्राहक झाल्या. अर्जासाठी येणारे ओटीपी त्यांच्या साध्या, बटणांच्या फोनवर येत असत आणि त्या एकेक आकडा मोठ्याने, सावकाश, शाळेत पाढे म्हणावेत तशा म्हणून दाखवत. तेवढ्यात मुदत संपे आणि पुन्हा नवा ओटीपी मागवावा लागे.

दुसरा प्रश्न उन्हाचा होता, आणि तो सोडवताना मला जास्त मजा आली. तीन किलोवॅटला किलोवॅटमागे शंभर चौरस फूट या ढोबळ हिशेबाने तीनशे चौरस फूट मोकळी, सावली न पडणारी जागा लागते. आमच्या गच्चीवर तशी जागा आहे, पण ती रिकामी आहे असे फक्त आम्हा नवरा-बायकोला वाटत होते. चैत्र-वैशाखात तिथे कुरडया, साबुदाण्याच्या चकल्या, बटाट्याचा कीस, सांडगे आणि उडदाचे पापड वाळतात. त्याआधी वर्षाच्या चटणीच्या मिरच्या. पावसाळ्याच्या तोंडावर डाळी आणि गाद्या. कुरडयांचे तर वेळापत्रकच असते. गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचे, वाटून चीक काढायचा आणि भल्या पहाटे तो शिजवून सोऱ्यातून घालायच्या, म्हणजे पहिल्या उन्हापासून त्या वाळायला लागतात. ऊन उशिरा मिळाले तर त्या आंबूस होतात. सौरऊर्जेचा हा वापर आमच्या घरात दोन पिढ्या तरी बिनतक्रार चालू होता, फक्त त्याला मीटर नव्हता.

पॅनेल लावणाऱ्या तरुण अभियंत्याने उंच सांगाडा सुचवला. सात-आठ फुटांवर पॅनेल आणि खाली वावरायला जागा, असा प्रकार हल्ली सर्रास करतात. सासूबाईंनी मान हलवली. खाली वावरता येईल, पण वाळवण सावलीत कसे वाळणार? मग त्याने फोनवर सूर्याचा मार्ग दाखवणारे ॲप उघडले. डिसेंबरात सूर्य दक्षिणेकडे झुकलेला असतो, त्यामुळे दक्षिणेला ठेवलेल्या प्रत्येक वस्तूची लांब सावली उत्तरेकडे पडते; मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात सातारच्या अक्षांशावर तो भर दुपारी अगदी डोक्यावर येतो आणि सावली पायाखाली जाते. ॲपवर हे रंगीत रेषांनी दाखवले होते. सासूबाईंनी ते पाहिले आणि चपलेच्या टोकाने गच्चीवर एक रेघ ओढल्यासारखे करून म्हणाल्या की वाळवणाच्या दिवसांत सावली या रेघेच्या पलीकडे येत नाही, थंडीत येते, पण थंडीत मला ऊन इथे नकोच आहे. ॲपमधली रेषा आणि त्यांची रेघ वीतभर अंतराने जुळली. दक्षिणेकडचा अर्धा भाग पॅनेलचा आणि उत्तरेकडचा अर्धा वाळवणाचा, अशी वाटणी तिथेच उभ्या-उभ्या झाली, आणि उंच सांगाड्याचा खर्च वाचला तो वेगळाच.

मात्र त्या वाटणीत पाण्याची टाकी आडवी येत होती. ती दक्षिण कोपऱ्यात होती आणि तिची सावली सकाळी एका पॅनेलवर पडली असती. पॅनेल एका माळेत जोडलेली असल्याने एकावरची सावली साऱ्या माळेचे उत्पादन ओढते. आतले बायपास डायोड नुकसान कमी करतात, पण पूर्ण टाळत नाहीत. म्हणून टाकी उचलून उत्तरेच्या जिन्याच्या खोलीवर नेली, सगळे पाइप बदलले, आणि उंची वाढल्यामुळे वरच्या मजल्यावरच्या नळांना जोर आला. हा लाभ कुणाच्याच तक्त्यात नव्हता. गच्चीला भोके पाडायची नाहीत, या माझ्या हट्टापायी सांगाड्याचे पाय काँक्रीटच्या ठोकळ्यांत बसवून घेतले. ज्यांनी एकदा गळक्या गच्चीचा पावसाळा काढला आहे, त्यांना यामागचे कारण सांगावे लागणार नाही.

संच सुरू झाल्यापासून नवरा सकाळी चहाआधी फोन पाहतो. निरभ्र दिवशी उत्पादनाची रेषा घंटेसारखी वर जाऊन खाली येते, ढगाळ दिवशी तिचे दात निघतात. ऑक्टोबरमध्ये, पावसाळ्यानंतरच्या पांढऱ्या ढगांच्या कडेवरून परावर्तित झालेला प्रकाश थेट उन्हात मिसळला की काही क्षण उत्पादन नेहमीच्या कमाल पातळीच्याही वर उडी घेते. ती उडी पकडता आली की तो मला हाक मारतो, आणि मी हातातले काम ठेवून जाते. वैशाखाच्या रखरखीत उन्हात वीज सर्वांत जास्त मिळेल, अशी आमची सर्वांची समजूत होती. तसे होत नाही. सिलिकॉनची पॅनेल तापली की त्यांची क्षमता घटते; २५ अंशांच्या वर दर अंशाला साधारण तीन ते चार दशांश टक्के. थंड हवेचा आणि स्वच्छ आकाशाचा फेब्रुवारी-मार्चमधला दिवस म्हणूनच सरस ठरतो. कडक ऊन अखेर वाळवणाच्याच कामाचे, असा निष्कर्ष सासूबाईंनी काढला, आणि तो खोडून काढण्यासारखे काही आमच्याकडे नाही.

शेजाऱ्यांचा एक गैरसमज मात्र वारंवार दूर करावा लागतो. लाइट गेली तरी तुमच्याकडे असणारच, असे त्यांना वाटते. प्रत्यक्षात ग्रिडला, म्हणजे वीज कंपनीच्या तारांच्या जाळ्याला, जोडलेला संच वीज जाताच स्वतःहून बंद होतो, मग बाहेर कितीही ऊन असो. तो तसा बंद झाला नाही, तर आमच्या छपरावरची वीज बाहेरच्या तारेत शिरेल आणि ती तार मृत समजून खांबावर चढलेल्या लाइनमनच्या जिवावर बेतेल. वीज गेल्यावर पंखे चालतात ते जुन्याच बॅटरीवर. बिल शून्य येते, हीदेखील अर्धीच खरी गोष्ट आहे, कारण स्थिर आकार कुणाला चुकत नाही. बिलावर ग्रिडकडून घेतलेले आणि ग्रिडला दिलेले युनिट वेगळे दिसतात, जास्तीचे पुढच्या महिन्यात ओढले जातात, आणि आर्थिक वर्षाच्या अखेरीस उरलेल्यांचा हिशेब केला जातो. घरात दिवसा थेट वापरली गेलेली सौर वीज मात्र ही देवाणघेवाण मोजणाऱ्या नेट मीटरला दिसतच नाही. ती मोजायला वेगळा मीटर असतो, आणि नवऱ्याने त्याच्या नोंदीसाठी एक वही केली आहे.

अनुदान सासूबाईंच्या खात्यात जमा झाले, त्या दिवशी त्यांनी पासबुक भरून आणवले. ७८,००० हा आकडा दोनदा वाचून त्यांनी मला बाजूला घेतले आणि हे पैसे सरकारला परत कधी द्यायचे, असे विचारले. परत द्यायचे नसतात, हे त्यांना अजून पूर्ण पटलेले नाही. ती रक्कम त्यांनी मुदतठेवीत ठेवली आहे, न जाणो कुणी मागायला आले तर. बिल आता त्यांच्या नावाने येते. त्या आधी नाव वाचतात, मग रक्कम, आणि सासऱ्यांच्या नावाची जुनी बिले ज्या फायलीत आहेत तिथेच ते लावतात. वेगळी फाइल करू का, असे मी एकदा विचारले तर नको म्हणाल्या.

गेल्या रविवारी नवरा पुन्हा मोजपट्टी घेऊन गच्चीच्या उत्तरेकडच्या अर्ध्या भागात उभा होता. आणखी दोन किलोवॅट बसतील, म्हणाला. पुढेमागे विजेची स्कूटर घेतली तर उपयोगी पडतील. तीन किलोवॅटच्या पुढे अनुदानाचा एक रुपया वाढत नाही, हे मी त्याला योजनेच्या कागदावर बोट ठेवून दाखवले. सासूबाई तेव्हा तिथेच मिरच्यांचे देठ काढत बसल्या होत्या, आणि त्यांना त्यांचे कारण सांगण्याची वेळच आली नाही.