म्हापशाचं मायफळ आणि काकांची ट्रंक

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात जायचं तर सकाळी आठाच्या आत पोचावं. दहानंतर किनाऱ्याकडून पर्यटकांच्या गाड्या येऊ लागतात, चालायला जागा उरत नाही, आणि विकणाऱ्या बायकांचा सूरही बदलतो. सकाळी मात्र बाजार गावचा असतो. मयड्याची केळी, माळांत ओवलेले कांदे, सुके बांगडे, कोकमं, मातीची मडकी. मे महिना होता, पावसाळ्याच्या बेगमीची, म्हणजे पुरुमेंताची खरेदी जोरात चालली होती. गोव्यात मला सगळ्यांत जास्त काय आवडतं असं कोणी विचारलं तर मी हा बाजार सांगेन. किनारे मी या खेपेला पाहिलेच नाहीत, आणि त्याचं मला जराही वाईट वाटत नाही.

गेले होते मावशीच्या नातीच्या बारशाला. थिवी स्टेशनवर उतरले. पुढे रिक्षावाल्याने सांगितलेला आकडा ऐकून रिक्षा सोडली आणि म्हापशाहून डिचोलीची बस पकडली. मावशी मये गावात राहते. बारसं छान झालं, जेवणात खतखतं, म्हणजे गोव्याकडची मिश्र भाजी, होतं, मी तीनदा घेतलं. पण लिहायला बसले ते मायफळासाठी.

मावशीने बाळगुटीची यादी दिली होती: वेखंड, मुरुडशेंग, हळकुंड, हिरडा, जायफळ, मायफळ. बाजारात एका कोपऱ्यात गावठी औषधांचं दुकान आहे, डबे आणि बरण्यांनी खच्चून भरलेलं. मालक सत्तरीचे असावेत. "कितें जाय, बाय?" मी यादी वाचली. मायफळाची बरणी त्यांनी पुढे ओतली आणि मी एकेक फळ उचलून बघायला लागले. मी ठाण्यात कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. मायफळ दिसलं की हात आपोआप भोक शोधतो.

माझ्या हातातलं एक त्यांनी काढून घेतलं आणि बाजूला टाकलं. त्याला टाचणीने पाडावं तसं एक गोल, स्वच्छ भोक होतं. "भोकाचं नको. जड बघून घे, काळपट." मी विचारलं, का हो काका? ते एवढंच म्हणाले, "किडो गेलो, गूण गेलो."

मी तिथेच थांबले. हे वाक्य समजावायला मला वर्गात एक अख्खा तास लागतो.

मायफळ झाडाला फळ म्हणून धरत नाही. तुर्कस्तान, सीरिया, इराक, इराणकडे ओकची एक बुटकी जात वाढते. तिच्या फांदीच्या कोवळ्या डोळ्यात चार-पाच मिलिमीटरची एक गांधीलमाशी अंडं घालते. ही माशी माणसाला डसत नाही. अंड्यातून अळी निघाली की तिच्या स्रावांमुळे झाडाच्या पेशी भराभर वाढू लागतात आणि अळीभोवती गाठ तयार होते. आतला थर मऊ आणि पौष्टिक, तो अळीचं अन्न. बाहेरचा कठीण आणि तुरट. म्हणजे माशीचं घर झाड स्वतः बांधतं, स्वतःच्या ऊतींचं, आणि प्रत्येक जातीच्या माशीसाठी वेगळ्या आकाराचं. ओकवर गाठी करणाऱ्या अशा माशांच्या जगात सुमारे हजार जाती आहेत. काही गाठी गुळगुळीत, काही काटेरी, काही केसाळ. कित्येक जातींत एका पिढीत फक्त माद्या असतात आणि त्या नराशिवाय अंडी घालतात. पुढच्या पिढीत नरमाद्या दोन्ही. आणि त्या दोन पिढ्यांच्या गाठी इतक्या वेगळ्या दिसतात की पूर्वी अभ्यासकांनी त्यांना दोन जाती समजून दोन नावं दिली होती. अळी गाठीत असेपर्यंत विष्ठाही टाकत नाही, घर शेवटपर्यंत स्वच्छ राहतं. मला हे वाचलं तेव्हाही थरारल्यासारखं झालं होतं आणि आजही होतं.

वाढ पूर्ण झाली की माशी आतून पोखरत बाहेर पडते. तेच ते भोक. व्यापारी पूर्वीपासून भोक नसलेली निळसर-काळपट मायफळं वेगळी काढून जास्त भावाने विकत आले आहेत, कारण त्यांत टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्य, जास्त असतं. चांगल्या मायफळात ते वजनाच्या निम्म्याहून जास्त भरतं. सह्याद्रीत ओक उगवत नाही, गोव्यात तर नाहीच. त्या दुकानदारांनी ओकचं झाड बहुधा कधी पाहिलं नसेल. तरी माशी बाहेर पडली की नाही हे ते रोज सकाळी बोटांनी ओळखतात. मला त्यांचा फार आदर वाटला. मी नमस्कार करून निघाले, तर त्यांनी वर एक सुंठीचा तुकडा फुकट घातला.

घरी आल्यावर वेगळंच नाट्य झालं. मावसबहिणीने स्पष्ट सांगितलं, "ताई, डॉक्टरांनी सहा महिने अंगावरच्या दुधाशिवाय काही द्यायचं नाही म्हटलंय. पाणीसुद्धा नाही." मावशीचा चेहरा उतरला. "अगो, तुम्हां सगळ्यांना मीच दिली ना गुटी?" मला मावशीचं दुःख कळत होतं. सहाणेवर एकेक वळसा देताना बाळाला मांडीवर घेणं हे तिच्यासाठी औषधापेक्षा मोठं होतं. पण मी बहिणीच्या बाजूने बोलले आणि आजही तेच बोलेन. मांडीवर घ्यायला गुटी लागत नाही. मावशी त्या दिवशी माझ्याशी जेमतेम बोलली.

तर मायफळ उरलं. दुपारी मी अडकित्त्याने एक फोडलं. बाहेरून राखाडी-हिरवट, अंगभर बोथट उंचवटे. फुटताना दगडासारखा टणत्कार. आत पिवळसर तपकिरी गर, केंद्राकडून कडेकडे पसरत गेलेल्या रेषा, आणि बरोबर मध्ये एक छोटी पोकळी. पोकळीत माशी होती. पूर्ण वाढलेली, तपकिरी, पंख पाठीवर घडी घातलेले, पाय पोटाशी. बाहेर पडायच्या आधीच फळ खुडलं गेलं असणार. भिंगातून तिच्या शिंगांचे सांधे मोजता येत होते. मी मावशीला हाक मारली. तिने बराच वेळ भिंग डोळ्याला लावून ठेवलं आणि म्हणाली, "इतकी वर्षं उगाळलं, ही आत आहे हे माहीत नव्हतं." मग आमचं बोलणं सुरळीत झालं.

काका, म्हणजे मावशीचे यजमान, बाजूलाच झोपाळ्यावर होते. मी त्यांना म्हटलं, याची शाईही करत. युरोपात मध्ययुगापासून विसाव्या शतकापर्यंत सरकारी कागद याच शाईने लिहिले गेले: मायफळाचा अर्क, हिराकस (लोखंडाचा क्षार) आणि डिंक. लिहिताना फिकी दिसते, हवा लागली की काळी पडते, आणि पाण्याने धुऊन जात नाही. काकांना ते ऐकीव वाटलं. म्हणून मी सहाणेवर मायफळ उगाळलं आणि तो भुरकट द्राव मागच्या पडवीतल्या जुन्या, गंजलेल्या आदोळीच्या, म्हणजे विळीच्या, पात्यावर ओतला. बघता बघता पातं निळं-काळं झालं. गंजातलं लोखंड आणि मायफळातलं टॅनिन एकत्र आलं की हेच होतं. काकांनी बोट लावून पाहिलं. बोटावरचा डाग साबणाने गेला नाही.

ते उठले आणि आतून ट्रंक घेऊन आले.

ट्रंकेत त्यांच्या पणजोबांच्या वेळचे कागद होते, बागायतीचे आणि कोमुनिदादचे, म्हणजे गावच्या सामाईक जमिनीच्या संस्थेचे, पोर्तुगीजमध्ये लिहिलेले, सरकारी शिक्क्यांचे. शाई तपकिरी पडलेली. काही पानं उचलली की अक्षरांच्या जागी आरपार उजेड दिसायचा. "वाळवी," काका म्हणाले. मी पान खिडकीशी धरलं. वाळवी वाट मिळेल तशी खाते. इथे भोकं फक्त अक्षरांना होती, तीही जिथे लेखणी दाबली गेली तिथे, जाड उभ्या रेघांना. एका नावातलं पहिलं अक्षर पूर्ण गळून पडलं होतं आणि त्याची कड मात्र शाबूत होती. हे शाईचं काम. तिच्यात आम्ल असतं आणि हिराकस जास्त पडलेला असला तर उरलेलं लोखंडही कागदाचे तंतू तोडत राहतं. दमट हवेत हे जोरात चालतं, आणि गोव्यातला जून ते सप्टेंबर म्हणजे काय हे सांगायला नको.

गोव्याच्या दप्तरखान्याची स्थापना १५९५ सालची, पोर्तुगीज इतिहासकार दियोगु दु कोउतु हे त्याचे पहिले रक्षक. तिथल्या 'मोंसोइश दु रेनु' या पोर्तुगाल आणि गोवा यांच्यातल्या प्रसिद्ध पत्रव्यवहाराच्या बाडांनाही हाच रोग आहे. म्हणजे एका बाजूला व्हाइसरॉयची पत्रं, दुसऱ्या बाजूला मयेतल्या काकांच्या सुपारीच्या झाडांची मोजणी, आणि दोन्हींच्या अक्षरांत तोच जिन्नस, ओकच्या गाठीतलं टॅनिन.

संध्याकाळी काका मला तळ्याकडे फिरायला घेऊन गेले. वाटेत सातवीणीच्या पानांवर हिरव्या पुटकुळ्यांची दाटी दिसली. त्याही गाठीच, पण त्या रस शोषणाऱ्या एका बारीक किड्याच्या. रुमडाखाली पडलेलं उंबर काकांनी स्वतःच फोडलं आणि आतली माशी मला दाखवली. ती चिमुकली गांधीलमाशी उंबराच्या आतल्या फुलांच्या बीजांडात गाठी करते आणि तिच्यावाचून उंबराला बी धरत नाही. काकांनी विचारलं, "मग ही पण तुझ्या मायफळवालीची बहीण?" दूरची, म्हटलं. त्यांनी ते उंबर परत मुळाशी ठेवलं.

परतीच्या आदल्या रात्री मला कळलं की काका हे कागद डिचोलीत नेऊन लॅमिनेट करून आणणार होते. प्लास्टिकमध्ये गरम करून बंद केलेला कागद पुन्हा सुटत नाही आणि आतली शाई खातच राहते. कळकळीने सांगते, ज्यांच्याकडे असे कागद आहेत त्यांनी लॅमिनेशन करू नये, सेलोटेप लावू नये, ओल्या फडक्याने पुसू नये. आम्लरहित कागदात एकेक पान वेगळं ठेवावं, कोरड्या जागी, भिंतीपासून दूर, आणि आधी चांगले फोटो काढून घ्यावेत. काकांनी लॅमिनेशनचा बेत सोडला. फोटो मी काढले, रात्री उशिरापर्यंत, मावशी पानं उलटत होती. पण ट्रंक अजून त्याच खोलीत आहे, पावसात ज्या भिंतीला ओल येते तिला टेकून. मी दर रविवारी फोनवर विचारते, माडीवर नेली का. काका म्हणतात, नेतो. पाऊस कारवारपर्यंत आलाय, काका, या आठवड्यात न्या.