सर्टिफिकेट आहे का?

सर्टिफिकेटचं तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, कारण फोंड्यात कुणी माझं नाव सुचवलं की समोरून पहिला प्रश्न हाच, "बाई, सर्टिफिकेट आहे ना?" आहे हो. होम हेल्थ एडचं, म्हणजे घरी जाऊन पेशंट सांभाळण्याचं, हेल्थकेअर सेक्टर स्किल कौन्सिलचं, प्लॅस्टिकात घालून ठेवलंय. पण त्याआधी सात वर्षं मी तशीच पेशंट सांभाळत होते, सुरुवात घरातूनच, सासूबाईंपासून.

मला वाटायचं, ह्यात शिकायचं काय, अंग पुसा, पेज भरवा, कपडे बदला. कोर्सला पहिल्याच दिवशी हात धुवायला लावले, साबणाने ४० ते ६० सेकंद, बोटांच्या बेचक्या, अंगठे, नखं सगळं, आणि मी आपली नेहमीसारखी झटपट उरकून नळ बंद करून उभी!

पण मनाला खरं लागलं ते बेडसोअरचं, म्हणजे अंथरुणाला खिळून होणाऱ्या जखमांचं. दर दोन तासांनी कूस बदलायची हे मला माहीत होतं, पण माकडहाडावर लाल डाग दिसला आणि बोटाने दाबून पांढरा होत नसेल तर ती सुरुवातच असते आणि तिथे चोळायचं नाही, हे नव्हतं माहीत. सासूबाईंना मी रोज तिथेच खोबरेल चोळायचे, मायेने, जोर लावून. त्या दिवशी घरी येऊन जेवले नाही.

सर्टिफिकेट म्हणजे नर्सिंग नव्हे, हेही सांगून ठेवते. सावईवेऱ्याला एका आज्जीकडे होते, नाकात राईल्स ट्यूब, म्हणजे पोटात अन्न सोडायची नळी, मुलगा पोर्तुगालला. फीड देताना डोकं उंच ठेवायचं आणि नंतरही अर्धा तास आडवं करायचं नाही, नाहीतर वर आलेलं फुप्फुसात जातं, हे सुनेला पटलं, पण इंजेक्शन द्यायला नाही म्हटल्यावर तोंड वाकडं, "मग शिकलात काय?" ते काम नर्सिंग कौन्सिलला रजिस्टर असलेल्या नर्सचं, माझं नव्हे.

पगार? एका एजन्सीने ओरिजिनल सर्टिफिकेट ठेवून घेतलं आणि रेट जुनाच दिला, तेव्हा झेरॉक्सच द्या. आधीपासून काम करणाऱ्यांसाठी आरपीएल (आधीच्या शिकण्याला मान्यता) म्हणून सोय असते, थोडं ट्रेनिंग आणि परीक्षा, चौकशी करा.

परीक्षेत डमीला कुशीवर वळवायचं होतं. मी सवयीने म्हटलं, "आज्जी, वळूया हां." बाकीच्या खिदळल्या. नंतर कळलं, हात लावायच्या आधी पेशंटला सांगण्याचेही मार्क होते.