घरच्या घरी बुश प्रेस, आणि आईचा फ्रीजर

आमच्याकडे बाबांची मारुती 800 आहे, म्हातारी झालीय पण विकायची नाही असं घरात ठरलेलं आहे, त्यामुळे तिची दुखणी माझ्याकडे. गेले दोन महिने स्पीडब्रेकरवरून उतरली की पुढून डावीकडे टक्क. चाक उचललं, लोअर आर्मला, म्हणजे चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या खालच्या दांड्याला, पहारीने जरा तिडवून बघितलं तर बुशचं, म्हणजे त्याच्या सांध्यात दाबून बसवलेल्या रबरी नळकांड्याचं, रबर फाटून नुसतं लोंबत होतं. गॅरेजवाला म्हणाला अख्खा आर्मच बदला, बुश कोण दाबत बसतंय. आता बुश मिळतो किरकोळ पैशात आणि त्याच्यासाठी चांगला आर्म भंगारात घालायचा हे काय मला पटेना.

पहिला प्रयत्न अर्थातच हातोडी. जुना बुश निघाला, पण नवा ठोकायला गेलो तर दुसऱ्याच घावाला त्याच्या बाहेरच्या स्लीव्हची, म्हणजे रबरावरच्या लोखंडी नळीची, कड आत वळली आणि बुश तिरका बसला. गेला तो. मग डोक्यात आलं की हे ठोकायचं काम नाही, ओढायचं काम आहे.

प्रेस म्हणजे काय तर बारा मिमीचा आटेवाला रॉड, दोन नट, वायसर, एका बाजूला बुशच्या स्लीव्हवर बरोबर टेकेल अशी गोटी पान्याची गोटी आणि दुसऱ्या बाजूला जीआय पाइपचा तुकडा, ज्याच्या पोटात बुश आरामात मावेल. रॉड मधून घालायचा, एक नट धरायचा, दुसरा फिरवायचा. बाराच्या जाड आट्याचा रॉड एका फेऱ्याला 1.75 मिमी सरकतो, आणि 25 सेंमीचा पाना धरला तर तेवढ्यात आपला हात दीड मीटरच्या वर फिरतो, म्हणजे कागदावर जोर जवळजवळ 900 पट! घर्षण त्यातला बहुतेक खाऊन टाकतं, तरी उरतो तो भरपूर असतो. म्हणून आट्यांना ग्रीस लावल्याशिवाय नट फिरवायचाच नाही.

मी लावलं नव्हतं. शिवाय हार्डवेअरच्या दुकानात जो पहिला दिसला तो रॉड उचलला होता, 4.6 ग्रेडचा. अर्धा बुश आत गेला आणि पाना एकदम हलका फिरायला लागला, मला वाटलं वा, बसला! बघतोय तर नटातून आट्यांची तार सुटून आलेली, आणि वायसर वाकून वाटीसारखे झालेले. ते ग्रेडचे आकडे काही शोभेचे नसतात हे तेव्हा कळलं. 4.6 म्हणजे 400 मेगापास्कल (ताणाचं माप) ला तुटणार आणि त्याच्या 60 टक्क्यांवर, म्हणजे 240 लाच, कायमचा ताणायला लागणार. 8.8 चा रॉड तेच 640 पर्यंत सोसतो. मग उद्यमनगरात जाऊन 8.8 चा रॉड आणला, त्याच ताकदीचे लांब नट आणले आणि वायसरच्या जागी तीन सूत जाड पट्टीचे चौकोनी तुकडे भोक पाडून घेतले. भंगारात कमानपाटा मस्त पडला होता पण त्याला साध्या ड्रिलने भोक पडत नाही, बिट जळतं, आणि तसाही त्याचा कोयता झालेला बरा.

नवीन बुश रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवला, मटारच्या पिशवीशेजारी. आईने सकाळी विचारलं हे काय आहे, म्हणलं गाडीचं आहे, पुढे काही बोलली नाही पण मटार दुसऱ्या डब्यात गेले. खरं सांगायचं तर 40 मिमीचं लोखंड त्या थंडीने फार तर 0.02 मिमी आकसतं, पण सुरुवातीला बुश सरळ धरायला तेवढंही उपयोगी पडतं. बाहेरून साबणाचं पाणी लावलं, नट फिरवत गेलो आणि बुश सुळकन नाही, कुरकुरत पण सरळ बसला. एक लक्षात ठेवा, आर्मचा बोल्ट शेवटचा आवळायचा तो गाडी चाकांवर उतरवल्यावर, चाक लटकत असताना आवळला तर रबर कायम पिळलेलंच राहतं आणि सहा महिन्यांत परत टक्क.

एवढं जमल्यावर अंगात आलं आणि त्याच रॉडचे दोन तुकडे घेऊन शॉकअपची स्प्रिंग दाबायचं हत्यार कागदावर काढलं. ओळखीच्या टर्नरकाकांना दाखवलं. त्यांनी कागद बघितला, परत माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "हे मी करून देणार नाही, आणि तू दुसरीकडनंही करून घेऊ नकोस." बुश प्रेसचा आटा गेला तर बुश तिथंच थांबतो, दाबलेली स्प्रिंग सुटली तर ती समोर कोण बसलंय बघत नाही. ते हत्यार मी आता भाड्याने आणतो. गाडीखालच्या घोड्या पण विकतच्याच, सिमेंटच्या ब्लॉकवर गाडी टेकवणारे लोक बघितले की माझ्या पोटात गोळा येतो.

उजव्या बाजूचा बुश अजून राहिलाय. रविवारी करणार होतो, पण प्रेस समोरच्या भावाने त्याच्या ओम्नीसाठी नेलाय आणि काल रात्री त्याचा फोन, "अरे त्या आट्यांना ग्रीस लावायलाच लागतं का?"