आधी साबण, मग एस्टर

तळणाच्या तेलापासून बायोडिझेल करायचे होते. कागदावर सगळे सरळ होते. तेलाचा एक रेणू म्हणजे ग्लिसरीनला जोडलेली तीन मेदाम्ले. मेथॅनॉल या अल्कोहोलचे तीन रेणू ती सोडवून घेतात; तीन मिथाइल एस्टर (मेदाम्ल आणि मेथॅनॉल यांची जोडी) तयार होतात, ग्लिसरीन सुटे होते. हे एस्टर म्हणजेच बायोडिझेल. अभिक्रिया उलटही फिरते, म्हणून मेथॅनॉल गरजेच्या दुप्पट घ्यायचे. ५०० ग्रॅम तेलाला मी ११० ग्रॅम मेथॅनॉल घेतले आणि उत्प्रेरक म्हणून ५ ग्रॅम पोटॅशियम हायड्रॉक्साइड.

तेल तळणातले होते. गाळले आणि तसेच फ्लास्कमध्ये ओतले. ६० अंशांवर तासभर ढवळले. मेथॅनॉल ६४.७ अंशांना उकळते, त्यामुळे वाफ थंड करून परत खाली आणणारा कंडेन्सर हवाच. आणि ते विषारी आहे, पोटात गेले तर दृष्टी जाते; हे काम फ्यूम हुडबाहेर (वाफा ओढून घेणाऱ्या कपाटाबाहेर) करू नका.

रात्रभर सेपरेटिंग फनेलमध्ये, म्हणजे थर वेगळे करायच्या तोटीच्या भांड्यात ठेवले. सकाळी खाली गडद ग्लिसरीन आणि वर सोनेरी एस्टर दिसायला हवे होते. दिसला तो एकसलग, पिवळट, घट्ट लगदा. थोडा पाण्यात हलवला तर फेस आला. एवढ्या तयारीनंतर हातात साबण आला याचे फार वाईट वाटले.

मॅडमनी एकच विचारले, "आम्लता काढली होतीस का?"

काढली नव्हती. फिनॉल्फ्थॅलिन हा रंग बदलणारा दर्शक घालून टायट्रेशन केले, म्हणजे आम्ल संपेपर्यंत थेंबाथेंबाने अल्कली घालून मोजले; दहा मिनिटांचे काम. आकडा आला ५, म्हणजे एक ग्रॅम तेलातली मोकळी (ग्लिसरीनला न जोडलेली) मेदाम्ले उदासीन करायलाच ५ मिलिग्रॅम पोटॅशियम हायड्रॉक्साइड हवे. ५०० ग्रॅमला अडीच ग्रॅम. माझा निम्मा उत्प्रेरक साबण करण्यातच संपला होता, आणि त्याच साबणाने दोन्ही थर एकमेकांत धरून ठेवले होते. साबणाला हातभार लावणारा पाण्याचाही अंश तेलात असणारच.

दुसऱ्या खेपेला आधी तेल ११० अंशांपर्यंत तापवून पाणी घालवले. थंड झाल्यावर मेथॅनॉल आणि थोडे सल्फ्युरिक आम्ल घालून ६० अंशांवर ठेवले. आम्ल उत्प्रेरक संथ खरा, पण तो मोकळ्या मेदाम्लांचाही एस्टर करतो, साबण होऊ देत नाही. मधूनमधून टायट्रेशन करत राहिलो. आकडा १ च्या खाली आला तेव्हाच थांबलो. उरलेले आम्ल उदासीन होईल इतके जास्तीचे पोटॅशियम हायड्रॉक्साइड धरून मग पहिल्या वेळची मेथॅनॉल-हायड्रॉक्साइडची पायरी केली.

या वेळी अर्ध्या तासातच फनेलमध्ये दोन थरांमधली रेघ उमटली. ती रेघ बघत मी कितीतरी वेळ तिथेच उभा होतो.

एस्टर धुताना घाई नको. कोमट पाणी हळू सोडायचे, फनेल जोरात हलवायचे नाही. नाहीतर पाणी आणि एस्टर यांचे दुधासारखे पांढरे मिश्रण, इमल्शन होते आणि फुटता फुटत नाही. पहिल्या धुण्यात माझे तसे झालेच, मिठाचे पाणी घातल्यावर सुटले.

शेवटी ३ मिलिलिटर एस्टर २७ मिलिलिटर मेथॅनॉलमध्ये टाकले. एस्टर त्यात विरघळतो, न बदललेले तेल तळाशी बसते. परीक्षानळी उजेडात धरली. तळाशी एक थेंबही नव्हता.